हळद लाल होते तिथे

पहाटे साडेपाच. पौषातली थंडी लोणारात अंमळ जास्तच झोंबते. खांद्याला पिशवी, पिशवीत लोहचुंबक, होकायंत्र, विजेरी आणि कागदाच्या पुडीत हळद. पाहुण्यांना सरोवर दाखवायला मला एवढं सामान पुरतं. आधी धारेवर जातो. गोमुखातून गोडं पाणी बारा महिने पडतं. आंघोळीला आलेल्या बायाबापड्यांची गर्दी उजाडायच्या आत सुरू झालेली असते. बाटली इथंच भरून घ्यायची. खाली एवढं मोठं तळं आहे, पण त्यातला घोटभरही पिता येत नाही.

सहाला चहा. "आज किती लोकं येऊन राह्यले जी?" हॉटेलवाला रोज विचारतो. आज पुण्याचं चौघांचं कुटुंब आहे. समृद्धी महामार्गावरून मेहकरला उतरून रात्रीच मुक्कामाला आलंय. २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर रामसरच्या पाणथळींच्या यादीत गेल्याचं जाहीर झालं आणि २०२२च्या डिसेंबरात समृद्धीचा पहिला टप्पा सुरू झाला. तेव्हापासून गाव वाढतंय. गावातल्या पोरांना हाताला काम मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे.

सातला वनखात्याच्या चौकीवर नोंद करून उतरायला लागलो. काठापासून तळापर्यंत साधारण दीडशे मीटर उतार, विवराचा व्यास १.८ किलोमीटर. मोर ओरडत होते, वानरं फांद्या हलवत होती. "काका, हे किती जुनं?" थोरल्या मुलीनं विचारलं. मी दोन्ही आकडे सांगतो. पूर्वी ५२ हजार वर्षं म्हणत. पुढे आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तेव्हा साधारण पावणेसहा लाख निघालं. बराच काळ लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७३ साली इथल्या दगडांत धक्क्यानं काच झालेलं खनिज सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्केचा आघात पक्का ठरला.

साडेआठ. काठावर आलं की मला कुणी घाई करू नये असं वाटतं. आधी वास येतो, कुजक्या अंड्यासारखा. मुलांनी नाक धरलं. उथळ पाण्यात शेकाट्या लांब लाल पायांनी चालत होत्या. धाकट्याला हात पुढे करायला सांगितला. तळव्यावर चिमूटभर हळद ठेवली, वर बाटलीतलं धारेचं पाणी. पिवळी ती पिवळीच. दुसऱ्या तळव्यावर तेवढीच हळद घेतली आणि सरोवरातलं ओंजळभर पाणी टाकलं. बोटानं कालवता कालवता ती विटकरी झाली आणि मग कुंकवासारखी लाल. त्याच्या आईनं लगेच ओळखलं, "चुना घातल्यावर होते तशी!" तसंच आहे. पाणी खारं आहे, त्याहून जास्त अल्कधर्मी. याच्या काठचा खार लोक पिढ्यान्‌पिढ्या गोळा करत. दल्ला, पापडी, भुस्की अशी त्याच्या प्रतींना नावं होती. काच आणि साबण करायला लागणारी द्रव्यं इथं मिळतात, हे अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त लिहून ठेवलंय. गुलाबी रंग कुठून आला, तेही मुलांना सांगितलं. २०२०च्या उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं.

मग मातीत लोहचुंबक फिरवला. काळे कण मिशांसारखे उभे राहिले. उल्केचं लोखंड म्हणून हे दाखवणारे आहेत, मी तसं सांगत नाही. आपल्या काळ्या दगडातच चुंबकी लोहखनिज असतं. पुण्याच्या टेकडीवरही चुंबक असाच भरेल.

काठच्या कमळजादेवीच्या देवळापाशी मुलांचे वडील पाण्याकडे बघत उभे राहिले. नुकतेच स्पेनला जाऊन आलेले. फोनवर त्यांनी बेनिडॉर्मचे फोटो दाखवले. एके काळी कोळ्यांचं गाव, १९५० नंतर पर्यटक आले आणि आता वाळूला लागून इमारतींचं रान. त्यातलं एक हॉटेल १८६ मीटर उंच म्हणे. आमच्या विवरात उभं केलं तर काठाच्या वर डोकं काढील. "तुमचंही असं होईल," ते कौतुकानं म्हणाले. मी त्यांना समोरचा काठ दाखवला, सगळीकडून बंद. समुद्र मोकळा आहे, घेऊन जातो, पसरवतो. या वाटीतून एकही ओढा बाहेर पडत नाही. पाऊस, झरे, गावाचं सांडपाणी, जे आत येईल त्यातलं पाणी तेवढं वाफ होऊन जातं, बाकी सगळं इथंच राहतं. पाणी खारं झालं ते यामुळेच, आणि नासलं तर तेही यामुळेच नासेल. सरोवरासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षं याचिका चालली, ती उगीच नाही. लॉज वाढोत, पण आधी नाली कुठं जाते ते बघा, हे मी गावात प्रत्येकाला सांगतो. काहींना आवडत नाही. ते गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. चढताना मात्र मुलांच्या वेफर्सची पाकिटं मोजून पिशवीत घेतली.

बाराला दैत्यसूदनाचं मंदिर. बाहेरचा चांदणीसारखा आराखडा उन्हात लख्ख दिसतो, आत मात्र विजेरीशिवाय छत दिसत नाही. विष्णूनं लवणासुराला मारल्याचं शिल्प दाखवलं. खाऱ्या पाण्याच्या गावाचा राक्षसही लवणाचा, हे मुलांना फार पटलं. पुढं जेवण, मग थोडी पाठ टेकली.

साडेतीनला शाळेची सहल, दोन एसट्या भरून. एवढ्या मुलांना खाली नेत नाही. मोठ्या मारुतीच्या मंदिरापाशी होकायंत्राची सुई हलताना दाखवतो, काठावरून पाणी दाखवतो. सहाला सूर्य पलीकडच्या कडेला टेकला. पाणी आधी हिरवं होतं, मग शिशासारखं झालं. पोरं आपोआप गप्प झाली.

आठला घरी. ताटात पिठलं, भाकरी, लिंबाची फोड. सकाळची हळद बोटांच्या पेरांवर, नखांच्या कडेला अजून लाल होती. साबणानं आणखी गडद झालेली. लिंबू पिळलं, रस बोटांवरून ओघळला आणि पेरं पुन्हा पिवळी झाली.