चिनी रोगणफलकांवरील आख्यानचित्रे

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चढविली जाणारी लाख आपल्या परिचयाची आहे. ही लाख म्हणजे एका कीटकाचा स्राव होय. चीनमधील प्राचीन रोगणकामाचे द्रव्य मात्र याहून निराळे. तो एका वृक्षाचा चीक आहे. हा वृक्ष आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातील असून, बिब्ब्याच्या तेलाप्रमाणे त्याचा ताजा चीकही अंगास लागल्यास फोड उठतात.

सामान्यतः ओली वस्तू कोरड्या हवेत वाळते. हा चीक मात्र उबदार व दमट हवेतच उत्तम घट्ट होतो. त्यात उरुशिऑल नावाचे द्रव्य व लॅकेस नावाचे विकर असते. विकराच्या योगाने उरुशिऑलचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो, त्याचे रेणू परस्परांत गुंफले जातात आणि पाणी व आम्ल यांना दाद न देणारे कठीण कवच तयार होते. म्हणून कारागीर एकेक पातळ थर देऊन तो दमट कपाटात घट्ट होऊ देतात व मगच पुढचा थर देतात. लाल रंगासाठी चिकात हिंगूळ मिसळीत.

या कवचाचे सामर्थ्य १९६५ साली प्रत्ययास आले. शान्शी प्रांतातील दातोंगजवळ, इ. स. ४८४ मध्ये मरण पावलेल्या सीमा जिनलोंग या उत्तर वेई राजवटीतील सरदाराच्या थडग्यात एका पडद्याचे लाकडी फलक सापडले. त्यांपैकी पाच बऱ्याच चांगल्या स्थितीत होते. प्रत्येक फलक सुमारे ८० सेंटिमीटर उंच असून लाल भूमीवर एकाखाली एक प्रसंग रंगविलेले आहेत.

एका प्रसंगात पुराणप्रसिद्ध राजा शुन आहे. बाप व सावत्र भाऊ त्याच्या जिवावर उठले; तो विहिरीत उतरला असता त्यांनी ती बुजविली. तरीही तो वाचला आणि त्याने पितृभक्ती सोडली नाही. दुसऱ्या प्रसंगात बान ही राणी सम्राटाच्या पालखीत बसण्यास नकार देते. जुन्या चित्रांत सुज्ञ राजांजवळ मंत्री दिसतात, केवळ बुडत्या राजवंशांच्या राजांजवळच लाडक्या स्त्रिया दिसतात, असे तिचे म्हणणे. चित्रांनी राजालाही बोध करावा, हीच या फलकांमागील दृष्टी होती.

भूमीत सुमारे पंधराशे वर्षे टिकलेले हे फलक बाहेर मात्र जपावे लागतात. प्रखर प्रकाशाने रोगण निस्तेज होते. कोरड्या हवेत लाकूड आकसून थर सुटतो. २००२ साली चीन सरकारने परदेशी प्रदर्शनास पाठवू नयेत अशा ६४ वस्तूंच्या यादीत त्यांचा समावेश केला, तो याच जपणुकीसाठी.