तीन मालेगांवें आणि दवाखान्यांतील साहाय्यकाचा कायदेशीर अधिकार

जुन्या दफ्तरांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं अलीकडे पोथ्या व सनदा यांच्याबरोबर दवाखान्यांचे कागदही येऊं लागले आहेत. औषधांच्या वह्या, चिठ्ठ्या, आजाराचे व मृत्यूचे दाखले असा हा पसारा असतो. त्यांवर ‘मालेगांव दवाखाना’ एवढाच पत्ता व खालीं ‘असिस्टंट’ किंवा ‘कंपौंडर’ अशी सही आढळली, कीं संग्राहक आम्हांस विचारतात: हा मनुष्य कोण? औषध देण्याचा, दाखला लिहिण्याचा त्यास अधिकार होता कीं नव्हता? प्रश्न लहान दिसतो. परंतु कोणाच्या आजोबांची गणना वैद्यांत व्हावयाची कीं तोतयांत, हें त्याच्या उत्तरावर ठरतें. आणि असा निकाल सूचिपत्रांत एकदां छापला गेला म्हणजे तो पुसून काढणें फार कठीण जातें. आम्हीं स्वतः एकदां ही चूक केली आहे. ती पुढें सांगूं.

मालेगांव नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत अनेक आहेत. प्रस्तुत विचारापुरतीं तीन घ्यावीं. पहिलें नाशिक जिल्ह्यांतील, गिरणा व मोसम या नद्यांच्या कांठचें. हें मुंबई इलाख्यांत होतें. दुसरें नांदेड जिल्ह्यांतील, लोह्याजवळचें, खंडोबाच्या यात्रेकरितां प्रसिद्ध असलेलें. हें १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत, म्हणजे लोकांच्या बोलण्यांतील मोगलाईंत, होतें. तिसरें, ज्याविषयीं आम्हांस मुख्यतः लिहावयाचें आहे तें, अकोल्याहून वाशिमास जाणाऱ्या वाटेवरील वऱ्हाडांतलें मालेगांव. वाशिम जिल्हा १९०५ सालीं मोडला व वाशिमचा मुलूख अकोला जिल्ह्यांत गेला. १ जुलै १९९८ रोजीं वाशिम जिल्हा पुन्हा निर्माण झाला, आणि मालेगांव आज त्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. म्हणजे केवळ जिल्ह्याच्या नांवावरून गांव ओळखूं जाणाराही फसतो. तीन गांवें, तीन राजवटी, आणि अधिकाराचीं मापें तीन. दवाखान्यांतील मनुष्य मात्र तिन्हीकडे सारखाच, मिक्स्चरच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी डकवून मात्रा दाखविणारा.

आतां कायद्याकडे वळूं. मुंबई इलाख्याचा वैद्यकीय कायदा १९१२ सालीं झाला. हिंदुस्थानांत डॉक्टरांची नोंदवही सुरू करणारा हा पहिला प्रांतिक कायदा होय. मध्यप्रांताचा तसाच कायदा १९१६ चा. दोहोंचा मूळ साचा इंग्लंडांतील १८५८ च्या कायद्याचा होता, व त्या साच्यांतील एक गोष्ट आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल: नोंद नसलेल्या माणसानें रोग्यास औषध देऊं नये, असें या कायद्यांत म्हटलेलेंच नव्हतें. नोंदणीनें कांहीं हक्क मिळत, एवढेंच. कायद्यानें आवश्यक असलेला वैद्यकीय दाखला नोंदलेल्याचाच ग्राह्य धरावा, सरकारी दवाखान्यांतील जागा सामान्यतः त्यासच मिळावी, असें त्याचें स्वरूप होतें. १९१६ च्याच वैद्यकीय पदव्यांच्या मध्यवर्ती कायद्यानें खोटी पदवी लावणाऱ्यास अडीचशें रुपयांपर्यंत दंड सांगितला. परंतु तो दंड पदवीच्या खोटेपणाबद्दल होता, औषध दिल्याबद्दल नव्हे. तेव्हां १९२० सालच्या एखाद्या कंपौंडरानें घराच्या ओसरीवर रोगी तपासले, एवढ्यावरून नोंदणीच्या कायद्यान्वयें त्यास गुन्हेगार ठरवितां येत नाहीं. त्यानें नांवामागें ‘डॉक्टर’ लावलें कीं नाहीं, आणि कागद औषधाची चिठ्ठी आहे कीं कायद्याचा दाखला आहे, हें पाहावें लागतें.

वऱ्हाडच्या मालेगांवीं आणखी एक गुंता आहे, व आमच्या मतें तोच सर्वांत महत्त्वाचा. १८५३ च्या तहान्वयें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, १९०२ च्या करारानें तें सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें गेलें, आणि १९०३ मध्यें त्याचा कारभार मध्यप्रांतास जोडला गेला. तरीही कायद्याच्या दृष्टीनें तें निजामाचेंच राहिलें होतें. ब्रिटिश हिंदुस्थानचा तो भाग नव्हता. म्हणून नागपुरास संमत झालेला कायदा वऱ्हाडांत आपोआप चालत नसे. हिंदुस्थान सरकारनें परमुलखांतील अधिकाराच्या जोरावर जाहीरनामा काढून तो ‘लागू’ करावा लागे. यावरून संग्राहकानें एवढें ध्यानांत घ्यावें कीं, वऱ्हाडांतील कागदाच्या बाबतींत कायदा केव्हां झाला याहून तो तेथें केव्हां लागू झाला, ही तारीख राजपत्रांतून शोधणें अधिक अगत्याचें आहे. पैनगंगेच्या पलीकडे, हिंगोलीच्या बाजूस, तर निराळेंच राज्य होतें. तेथें हैदराबादेस १८४६ सालीं वैद्यकशाळा निघाली, आरंभीं शिक्षण उर्दूंतून असे, व तेथून उत्तीर्ण झालेल्यांस ‘हकीम’ म्हणत. नांदेडकडील कागदावर ‘हकीम’ दिसला म्हणून तो युनानीच असेल, असें धरून चालूं नये. तो पाश्चात्य वैद्यक शिकलेलाही असूं शकेल.

आतां आमची चूक. ‘हॉस्पिटल असिस्टंट’ अशी सही असलेला एक मृत्यूचा दाखला आमच्यापुढें आला असतां आम्हीं टिपणांत ‘दवाखान्यांतील मदतनिसानें, अधिकार नसतां, दिलेला’ असें लिहून मोकळे झालों. शब्दानें आम्हांस फसविलें. हॉस्पिटल असिस्टंट हा मदतनीस नव्हता. सरकारी वैद्यकशाळेंत शिकून तो उत्तीर्ण होई. लहान गांवच्या दवाखान्यांत बहुधा तोच एकटा मुख्य असे. पुढें त्याच हुद्द्यास ‘सब-असिस्टंट सर्जन’ हें नांव मिळालें. नोंदणीच्या प्रांतिक कायद्यांना जोडलेल्या परिशिष्टांत या वर्गाचा स्पष्ट समावेश होता. म्हणजे नांवानें ‘असिस्टंट’ असलेला हा मनुष्य नोंदवहीच्या आंत होता, आणि गांवकरी ज्यास आदरानें ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत तो कंपौंडर बाहेर होता. पुण्याची बैरामजी जीजीभाई वैद्यकशाळा व नागपूरची १९१४ सालीं निघालेली रॉबर्टसन वैद्यकशाळा यांनीं असे कितीएक लोक तयार केले. नागपूरचे बहुधा ‘एल्. एम्. पी.’ लावीत. देवी टोंचणारा, ज्यास लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत, तो या दोहोंहून निराळा. त्याचा अधिकार लशीपुरताच.

भूमीच्या सीमेबरोबर वैद्याचा अधिकार संपावा, ही गोष्ट आमच्याकडचीच आहे असें नाहीं. फ्रान्समध्यें १८०३ च्या कायद्यानें ‘आरोग्य-अधिकारी’ असा दुय्यम वर्ग निर्माण केला होता. ज्या जिल्ह्यांत तो परीक्षा उतरला त्याबाहेर त्यास धंदा करतां येत नसे, व मोठी शस्त्रक्रिया पदवीधर डॉक्टराच्या देखरेखीवांचून करण्याची मनाई होती. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ कादंबरींतील नायिकेचा नवरा याच वर्गांतला. १८९२ सालीं हा वर्ग कायद्यानें बंद झाला. आमच्याकडे अशी सरळ रेघ कोणी ओढली नाहीं. ती कागदाकागदानें हुडकावी लागते.

कंपौंडराच्या बाजूनें कायदा पहिल्यानें बोलला तो १९४८ च्या औषधविक्रेत्यांच्या, म्हणजे फार्मसीच्या कायद्यांत. दवाखान्यांत पांच वर्षें औषधें तयार करण्याचें काम केलेल्यांस पहिल्या नोंदवहींत येण्याची वाट त्यानें मोकळी ठेवली. मात्र कायद्याचे मुख्य भाग कोणत्या तारखेपासून अमलांत यावयाचे, हें प्रत्येक प्रांतानें ठरवावयाचें होतें. वैद्य-हकिमांच्या नोंदणीचा कायदा मुंबईंत १९३८ चा, तर मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४७ चा. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ व मराठवाडा मुंबई राज्यांत आले, १९६० मध्यें महाराष्ट्र झालें, तरी कायद्यांचें एकीकरण व्हावयास आणखी कांहीं वर्षें गेलीं. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकव्यवसायी कायद्यानें, कलम ३३ अन्वयें, नोंदणीवांचून वैद्यक करण्यास मनाई केली. १९६५ च्या कायद्यानें आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीचे वेगवेगळे कायदे एक केले. तिन्ही मालेगांवांस एकच माप लागलें तें येथून.

राज्याराज्यांतील भेद मात्र संपले नाहींत. १९९८ सालीं मुखत्यार चंद खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें, आयुर्वेदाच्या व्यवसायीस आधुनिक औषधें देतां येतील कीं नाहीं हें त्याच्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून ठेवलें. वऱ्हाडाबरोबर एकाच प्रांतांत नांदलेल्या छत्तीसगडनें २००१ मध्यें स्वतंत्र कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला, व तो पुरा केलेले लोक ‘ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक’ म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले. आसामनें २००४ मध्यें असाच कायदा केला; तो मध्यवर्ती कायद्याशीं विसंगत म्हणून उच्च न्यायालयानें २०१४ मध्यें रद्द केला, व सर्वोच्च न्यायालयानें २४ जानेवारी २०२३ रोजीं तो निर्णय कायम ठेवला. एका राज्यांत शिकलेला मनुष्य दुसऱ्यांत कोण ठरतो, हा जुना प्रश्नच येथें नव्या कागदावर उतरला आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यांत मर्यादित परवान्याचें कलम ३२ आहे. त्यान्वयें अशा सेवकानें ठराविक औषधें प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांपुरतींच स्वतंत्रपणें द्यावीं, इतरत्र नोंदणीकृत डॉक्टराच्या देखरेखीखालीं. आणि त्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावी. उद्यांच्या संग्राहकास या परवानाधारकाची सही वाचतांना आमच्याप्रमाणेंच अडखळावें लागेल, असें आम्हांस वाटतें.

तेव्हां दवाखान्याचा कागद हातीं येतांच त्यावर ‘वैद्य’ किंवा ‘तोतया’ असा शिक्का मारूं नये. प्रथम मालेगांव कोणतें तें ठरवावें, मग साल, मग हुद्दा जसा लिहिला असेल तसाच, अर्थ न लावतां, उतरून घ्यावा, शेवटीं कागद चिठ्ठी आहे कीं दाखला आहे तें नोंदावें. वह्यांचे पुठ्ठे जीर्ण दिसतात म्हणून ते काढून नवी बांधणी करण्याची चाल पडली आहे. ती सोडावी अशी आमची विनंती आहे. कारण दवाखान्याचा रबरी शिक्का, जिल्ह्याचें नांव व कधींकधीं पुरवठ्याच्या फॉर्माचा क्रमांक हीं बहुधा त्या पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूसच असतात.