आयटूपी ‘जोडतच नाही’?

आपण कुणाशी बोलतो ते लपवणाऱ्या आयटूपी नेटवर्कचं सॉफ्टवेअर बसवलं, ब्राउझर उघडला, पान काही येईना. पाच मिनिटांत निकाल लागतो: हे नेटवर्क बंद पडलंय. प्रत्यक्षात २००३ पासून ते स्वयंसेवकांच्या जिवावर सुरू आहे. घोटाळा होतो तो त्याला व्हीपीएन समजल्यामुळे.

व्हीपीएनमागे कंपनीचा सर्व्हर तयार असतो. इथे तुमचा संगणकच राउटर बनतो. पहिल्यांदा तो ‘रीसीड’ सर्व्हरकडून मोजक्या राउटरांचे पत्ते आणतो आणि मग नव्या गावात बिऱ्हाड केल्यासारखा एकाकडून दुसऱ्याची ओळख काढत जातो. याला वेळ लागतो. माहिती राउटरांच्या साखळीतून, म्हणजे ‘बोगद्या’तून जाते: जाण्याचे बोगदे वेगळे, येण्याचे वेगळे, प्रत्येकात साधारण तीन टप्पे. समोरच्याचेही तसेच, म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं उत्तर मिळून बारा राउटर ओलांडतात. शिवाय दर दहा मिनिटांनी बोगदे नव्याने बांधले जातात. तेव्हा ‘फार हळू आहे’ ही तक्रार खरी, पण तो बिघाड नव्हे.

कन्सोलवर, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या नियंत्रण-पानावर, ‘फायरवॉल्ड’ दिसलं की लोक हादरतात. मोबाइल डेटावर ते बहुधा दिसणारच, कारण तिथे सहसा एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि बाहेरून कुणी थेट तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. तरीही आयटूपी चालतं. इतर राउटर मध्यस्थी करून गाठ घालून देतात. घरच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र पत्ता असेल, तर कन्सोलवर दिसणारा पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडावा. पत्ता सामायिक असेल, तर त्या खटाटोपात संध्याकाळ घालवू नये.

एकही राउटर जोडला जात नसेल, तर आधी घड्याळ बघा. मिनिटाभराहून जास्त फरकही नडतो. यात एक चकवा आहे: पडद्यावर वेळ बरोबर दिसते, पण टाइमझोन भारताचा नसतो, त्यामुळे जागतिक वेळेच्या हिशेबात संगणक काही तास पुढेमागे असतो. राउटर जोडले गेले आणि तरी पान उघडत नसेल, तर ब्राउझरची प्रॉक्सी लावायची राहिली असेल: पत्ता १२७.०.०.१, पोर्ट ४४४४. कन्सोल मात्र ७६५७ वर असतो. या दोन आकड्यांची अदलाबदल अगदी नेहमीची.

‘दुसऱ्याचे उद्योग माझ्या पत्त्यावरून होतील’ ही भीती अनेकांना राउटर बंद करायला लावते. तुमच्यामार्फत जातो तो कूटबद्ध मजकूर, आणि तो नेटवर्कच्या आतच फिरतो. उघड्या इंटरनेटवर बाहेर पडण्याचं दार, म्हणजे आउटप्रॉक्सी, कुणीतरी मुद्दाम उभारावं लागतं. आपोआप तुम्ही ते होत नाही.

उलट गैरसमज जास्त महाग पडतो: आयटूपी घेतलं की आपण अदृश्य झालो. तुमचा पत्ता नेटवर्कमधल्या इतरांना दिसतो, कारण त्याशिवाय ते जोडणार कसे? तुम्ही आयटूपी वापरता हे इंटरनेट कंपनीच्याही लक्षात येऊ शकतं. लपतं ते एवढंच, की तुम्ही आत कुणाशी बोलता आणि काय पाहता. तिथेही स्वतःच्या खऱ्या नावाने लिहिलंत, तर बारा राउटर काय करणार!

आणि काम झालं म्हणून थेट वायर ओढू नका. कन्सोलवर सावकाश बंद होण्याचा पर्याय आहे. तुमच्यातून जाणारे इतरांचे बोगदे संपेपर्यंत, म्हणजे दहा-अकरा मिनिटं, राउटर थांबतो.