घाटावर-घाटाखाली : जिल्ह्याचे जलाशय
लेखांक ११ : बर्फ, गळ आणि ठेका

मागील लेखांकात पलढग आणि ज्ञानगंगा या जलाशयांतील पाण्याच्या थरांची चर्चा करताना थंड प्रदेशांतील गोठणाऱ्या तळ्यांचा आणि त्यांवर भरणाऱ्या मासेमारीच्या स्पर्धांचा उल्लेख केवळ ओघात आला होता. परंतु त्या एका वाक्याने काही वाचकांचे कुतूहल इतके चाळवले की खडकपूर्णा जलाशयात सोडल्या जाणाऱ्या मत्स्यबीजाचे जे गणित या आठवड्यात मांडावयाचे ठरले होते, ते पुढे ढकलणे भाग पडले आहे. मोताळा तालुक्यातील एका वाचकाचा प्रश्न अगदी सरळ आहे : डोंगरातले धरण, भोवती राखीव जंगल आणि हिवाळ्यात अंगावर काटा आणणारी थंडी हे सारे आपल्याकडेही असताना तशी एखादी स्पर्धा आपल्याकडे का भरत नाही? आपल्याकडे बर्फ होत नाही, हे उत्तर खरे आहे. पण प्रश्नाची खरी मेख त्याच्या पलीकडे, पाण्यातील मासा मुळात कोणाचा या मुद्द्यात आहे, आणि तेथे पोहोचण्याआधी बर्फाचा हिशेब चुकता करून घेतलेला बरा.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात साउथ प्लॅट नदीवर १९३२ मध्ये डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला इलेव्हन माइल हा जलाशय समुद्रसपाटीपासून सुमारे २,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे साधारण साडेसहाशे मीटर उंचीवरील बुलढाणा शहराच्या चौपट. त्याच्या भोवती राज्याचे उद्यान असून हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर तेथे गळाच्या स्पर्धा होतात. स्पर्धक बर्फाच्या थराला मोठ्या गिरमिटाने वीतभर व्यासाचे भोक पाडतो, भोकात पुन्हा जमू लागलेला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढून टाकतो, आणि हाताएवढ्या आखूड काठीला बांधलेली दोरी आमिषासह सरळ खाली सोडून बसतो. ठरलेल्या तासांत ज्याचा मासा सर्वांत लांब किंवा सर्वांत वजनदार ठरेल तो जिंकतो. मिनेसोटा राज्यातील गल तळ्यावर १९९१ मध्ये सुरू झालेल्या अशाच स्पर्धेत हजारो माणसे एकाच वेळी बर्फावर उतरत आली आहेत. इतक्या माणसांचा भार पाणी सोसते कसे, हा या प्रकरणातील सर्वांत रंजक भाग आहे आणि त्यावर थोडे रेंगाळणे गैर ठरणार नाही.

बहुतेक द्रव थंड होताना आकसत जातात आणि जड होऊन तळाशी बसतात. पाणीही चार अंश सेल्सियसपर्यंत तसेच वागते, परंतु चार अंशांखाली ते पुन्हा प्रसरण पावू लागते व हलके होऊन वर येते. परिणामी तळ्याच्या पृष्ठभागावरचे पाणी गार होऊन खाली जाणे आणि खालचे तुलनेने उबदार पाणी वर येणे, ही उलथापालथ सारे पाणी चार अंशांवर येईपर्यंत चालते, आणि त्यानंतर वरचा पातळ थर तेवढा शून्याकडे घसरत जाऊन गोठतो. गोठलेला थर गोधडीसारखा पाण्यावर पसरून खालची ऊब धरून ठेवतो, आणि म्हणूनच बर्फ जसजसा जाड होतो तसतशी त्याची वाढ मंदावते. योझेफ श्टेफान या ऑस्ट्रियातील पदार्थवैज्ञानिकाने १८९१ मध्ये या वाढीचे जे गणित मांडले, त्यानुसार बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे हवा तितकीच थंड राहिली तर एका आठवड्यात जेवढा थर धरतो त्याच्या दुप्पट होण्यास चार आठवडे लागतात. माणसाला चालण्यासाठी निदान दहा सेंटीमीटर जाडीचा स्वच्छ, निळसर बर्फ लागतो, आणि मोटार न्यावयाची तर त्याच्या दुपटी-तिपटीहून कमी चालत नाही.

बर्फाखालच्या पाण्यात मासा जगतो याचे दुसरे कारण प्राणवायू. शून्य अंशाच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. याउपर थंड पाण्यातील माशाचे सारे शरीरव्यापार मंदावलेले असल्याने त्याची गरजही कमी असते. या दृष्टीने पाहता घाटाखालच्या एखाद्या उथळ तलावातील माशाचा मे महिना हा कोलोरॅडोतील माशाच्या जानेवारीपेक्षा अधिक कठीण असतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी आटून तापलेले असताना ढगाळ, वाराहीन रात्रीनंतर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेताना दिसतात, ते याच टंचाईमुळे.

आता बुलढाण्याचा हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत घाटावरील गावांत रात्रीचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात खऱ्या, पण तो पारा हवेचा असतो आणि त्यानंतर दुपारी पंचवीस-सत्तावीस अंशांचे ऊन हमखास पडते. पाणी हवेपेक्षा कितीतरी सावकाश थंड होत असल्याने धरणातील पाणी वीस अंशांच्या आसपास घुटमळत राहते. चार अंशांची पहिली पायरीच गाठली जात नाही, तेथे शून्याचा विषय निघत नाही. मात्र या पाण्याच्या उबेने एक गोष्ट ठरते, ती म्हणजे त्यात कोणता मासा राहील. बर्फावरील स्पर्धांचा लाडका ट्राउट वीस अंशांच्या वर अस्वस्थ होतो आणि पंचविसाच्या पुढे फार काळ टिकत नाही; उलट आपल्याकडील कटला, रोहू आणि मृगळ यांची भूक पाणी वीस अंशांखाली गेले की मंदावते. म्हणजे स्पर्धेसाठी थंडीच्या दिवसांचा हट्ट धरला, तर येथील मासाच आमिषाकडे पाठ फिरवील.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इलेव्हन माइल असो वा नळगंगा, जलाशयातील बराचसा मासा तेथे आपण होऊन आलेला नसतो, तो सोडलेला असतो. दक्षिण कोरियातील ह्वाचॉन येथे २००३ पासून दर जानेवारीत भरणारा बर्फावरील मासेमारीचा उत्सव तर उघडपणे या सोडण्यावरच उभा आहे : डोंगरी ओढ्यात राहणाऱ्या सामन कुळातील माशांची पैदास करून ते मासे गोठलेल्या नदीपात्रात सोडले जातात आणि लाखो पाहुणे ते गळाने धरतात. २०२० मध्ये हिवाळा ऊबदार गेल्याने बर्फ पुरेसा धरला नाही आणि उत्सव लांबणीवर टाकावा लागला, तेव्हा मासा होता पण उभे राहण्यास जमीन नव्हती.

बुलढाण्यात सोडण्याचा इतिहास वेगळा आहे. हा जिल्हा जलविभाजकावर बसलेला आहे. अजिंठ्याच्या रांगेवरून उत्तरेला उतरणारी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा ही मंडळी पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्राकडे जातात, तर बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा आणि देऊळगाव राजाकडची खडकपूर्णा गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे. दोन खोऱ्यांचे मासे मुळात सारखे नाहीत. तरीही आज घाटावरच्या पेनटाकळीत आणि घाटाखालच्या नळगंगेत जाळे ओढले असता तेच कटला, तेच रोहू, तेच मृगळ हाती येतात, कारण उत्तर भारतातील मोठ्या नद्यांत मूळ असलेल्या या तिन्ही जाती दोन्हीकडे माणसाने नेल्या. वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीत नाहीत, म्हणून पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा केलेले मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली जिऱ्याएवढी पिल्ले, रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत पाठवली जात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हीरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यात या माशांकडून अंडी घालवून घेतली, आणि रेल्वेचा तो प्रवास संपण्याची सुरुवात झाली. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मत्स्यजिऱ्यांपासून बोटाएवढ्या बोटुकलीपर्यंतच्या वाढीचे आकडे खडकपूर्णेच्या लेखांकासाठी राखून ठेवले आहेत.

सोडलेला मासा कोणाचा, हा प्रश्न यातूनच उभा राहतो, आणि वाचकाच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे. कोलोरॅडोत राज्याची वन्यजीव यंत्रणा मासे सोडते आणि परवान्याचे शुल्क भरणारा कोणताही नागरिक गळाने ते धरू शकतो. तेथे सोडलेल्या माशाचा अंतिम ग्राहक हौशी माणूस आहे. महाराष्ट्रात पाटबंधारे खात्याच्या जलाशयांतील मासेमारीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागामार्फत ठेक्याने दिला जातो, आणि ठेका घेणारी मच्छीमार सहकारी संस्था स्वतःच्या पैशाने बोटुकली सोडते, राखण करते आणि सभासदांनी धरलेला मासा तोलून घेते. त्या पाण्यात गळ टाकून बसलेला पाहुणा हा संस्थेच्या हिशेबी दुसऱ्याच्या शेतातली कणसे मोडणाराच असतो, आणि हा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

संस्थेचा सभासद, जो या जिल्ह्यात बहुधा भोई समाजातील असतो, मासा कसा धरतो हेही पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी उतरत्या उन्हात थर्माकोलच्या ठोकळ्यांना पोत्यात शिवून केलेल्या तराफ्यावर तो मांडी घालून बसतो, दोन्ही हातांतल्या फळकुटांनी पाणी मागे सारत धरणाच्या पोटातील बुडालेल्या जुन्या नाल्याच्या रेषेवर जातो आणि तेथे नायलॉनचे बारीक जाळे आडवे सोडतो. जाळ्याच्या वरच्या दोरीला जुन्या रबरी चपलांचे कापलेले तुकडे तरंगण्यासाठी अडकवलेले असतात, खालच्या दोरीला शिशाचे मणी. जाळ्याच्या डोळ्याला आस म्हणतात आणि तो किती मोठा हे बोटे घालून मोजले जाते, कारण लहान आसात बोटुकली अडकली तर पुढच्या वर्षीचे पीकच बुडाले. पहाटे जाळे उचलताना आसात कल्ल्यांशी अडकलेला मासा सोडवणे हे कसबाचे काम आहे : जाळे न फाडता, खवले न उडवता, एका अंगठ्याने. या साऱ्यात ना वेळेची मर्यादा आहे ना बक्षीस. स्पर्धा असलीच तर ती व्यापाऱ्याची गाडी येण्याआधी काठावर पोहोचण्याची.

गळाची हौस महाराष्ट्रात अगदीच परकी आहे असे मात्र नाही. मुंबईतील पवई तलाव १८९१ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरल्यावर तो हौशी मासेमारांच्या हाती आला, आणि ब्रिटिश काळात स्थापन झालेली तेथील संघटना आजही महाराष्ट्र राज्याच्या नावाने ओळखली जाते. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीर या झुंजार माशाची पैदास चालवली आहे. दख्खनच्या या महसीरचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले होते. या दोन्ही उदाहरणांत पाण्यावरचा हक्क एका हाती होता आणि मासा पोटापाण्यासाठी नव्हता, म्हणून हौसेला जागा मिळाली. आपल्या धरणांवर ही परिस्थिती नाही.

अभयारण्याच्या परिसरातील पाण्याबद्दल तर बोलणेच नको. १९९७ मध्ये घोषित झालेले, सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे ज्ञानगंगा अभयारण्य वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, आणि त्या कायद्याच्या लेखी मासा हाही प्राणीच असल्याने तेथे परवानगीवाचून गळ टाकणे गुन्हा ठरते. यवतमाळमधील टिपेश्वरहून शेकडो मैल चालत २०१९च्या अखेरीस येथे पोहोचलेला तो प्रसिद्ध वाघ पाहता, पहाटेच्या अंधारात पलढगच्या काठी गळ टाकून बसण्याची हौस कोणी धरू नये हेच बरे. येळगाव धरण बुलढाणा शहराला पाणी पाजते. तेथे गर्दी जमवणेही शहाणपणाचे नाही.

मग कोठे? हा प्रश्न उरतोच, आणि येथे एक सुचवणे वावगे ठरणार नाही. मूळचा आफ्रिकेतील आणि १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया आता महाराष्ट्रातील बहुतेक जलाशयांत पसरला आहे. मादी अंडी तोंडात सांभाळत असल्याने त्याची पिल्ले जगतात फार, आणि साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीत असल्याने तो कटला-रोहूच्या अन्नात वाटेकरी होतो. भाव त्याला कमी, म्हणून संस्थांनाही तो नकोसा. हाच मासा गळाला मात्र आनंदाने लागतो, पिठाच्या गोळीलाही आणि गांडुळालाही, तर कटला पाण्याच्या वरच्या थरात सूक्ष्म जीव गाळून खाणारा असल्याने सहजी फसत नाही. तेव्हा एखाद्या संस्थेने आपल्या ठेक्यातील जलाशयावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी अजून पंचवीस अंशांच्या आसपास असताना, प्रवेशशुल्क घेऊन केवळ तिलापियाची गळस्पर्धा भरवली, चुकून लागलेला रोहू जागच्या जागी सोडण्याची अट घातली आणि बक्षीस सर्वांत मोठ्या माशाला न ठेवता एकूण वजनाला ठेवले, तर शुल्क संस्थेला मिळेल, नको असलेला मासा कमी होईल आणि हौशी माणसाला चोरासारखे बसावे लागणार नाही. तिलापिया दहा अंशांखालच्या पाण्यात तग धरत नाही, हे खरे. पण नळगंगेच्या पाण्यात त्याची चिंता करण्याचे कारण नाही. अशा स्पर्धेसाठी मत्स्यव्यवसाय विभागाची आणि पाटबंधारे खात्याची अनुमती लागेल, आणि संस्थेच्या सर्वसाधारण सभेत ठराव व्हावा लागेल. त्या ठरावावर होणारी चर्चा स्पर्धेहून लांबेल, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

खडकपूर्णेचे राहिलेले गणित पुढील लेखांकात. त्यासाठी हेक्टरी किती बोटुकली सोडली जाते आणि त्यातली किती टिकते, हे दोन आकडे एकाच तक्त्यात मांडावे लागतील.