ग्रहमाला वाचवते पेट्रोल

सायकलवर पाय फार भरभर वा फार हळू मारले, तर दमायला होते. इंजिनाचेही तसेच! हवी ती शक्ती कमीत कमी पेट्रोलात देणारी त्याची एक सोयीची गती असते. साध्या गिअरपेटीला मोजक्याच पायऱ्या असल्याने ती दर वेळी साधत नाही.

१९९७ साली जपानात आलेल्या टोयोटाच्या ‘प्रियस’ या पेट्रोल-विजेच्या मोटारीत या पायऱ्याच नाहीत. मधले ३० दात्यांचे सूर्यचक्र जनित्राला, त्याभोवतीच्या ग्रहचक्रांची चौकट इंजिनाला आणि बाहेरचे ७८ दात्यांचे वलयचक्र विद्युत-मोटारीला व चाकांना जोडलेले असते. जनित्राची गती बदलली, की गाडीचा वेग तोच राहूनही इंजिन सोयीच्या गतीवर येते.

मात्र विजेच्या वाटेने जाणारी थोडी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर, जेथे साधी गिअरपेटीही गती जुळवते, तेथे हा लाभ घटतो.