स्केटबोर्डवरील वेगनियंत्रण व वळण : सोलापूरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
स्केटबोर्डिंगचा उगम १९५० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाला. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली झालेल्या) या खेळाला प्रथमच स्थान मिळाले. गुजरातमध्ये २०२२ साली झालेल्या ३६ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने यात सुवर्णपदक मिळविले. त्यामुळे महाराष्ट्रातील मुलामुलींचे लक्ष या खेळाकडे वेधले गेले. तथापि नवशिक्या प्रथम तोल व वेग यांच्या मागे लागतो आणि थांबणे शेवटी शिकतो. या उलट्या क्रमामुळे दुखापतीचा संभव वाढतो. वेग आवरणे व वळणे ही दोन कौशल्ये नसून एकाच कौशल्याच्या दोन बाजू आहेत, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

फळीची रचना :
फळीच्या खाली पुढे व मागे एकेक 'ट्रक' असतो. त्यातील बुशिंग नावाच्या लवचिक कड्या दाबल्या गेल्या की चाकांचा आस वळतो. पुढची चाके झुकण्याच्या दिशेने व मागची विरुद्ध दिशेने वळतात. परिणामी फळी वर्तुळाकार मार्ग घेते. मधला नट सैल केल्यास वळण सहज मिळते, परंतु वेगात फळी डगमगू लागते. फार आवळल्यास ती वळतच नाही. म्हणून नवशिक्याने मध्यम ताण ठेवणे इष्ट.

वेगाचे नियंत्रण :
घर्षण वगळल्यास १० सेंटीमीटर उतारावर ताशी सुमारे ५ किलोमीटर, ४० सेंटीमीटरवर १० व १ मीटरवर सुमारे १६ किलोमीटर वेग येतो. वेग दुप्पट झाला की थांबण्यास चौपट अंतर लागते. थांबण्याची पहिली रीत म्हणजे पायाचा ब्रेक. सर्व भार पुढच्या पायावर घेऊन गुडघा वाकवावा व मागच्या पायाचा तळवा जमिनीस हलकेच घासावा. पाय एकदम दाबल्यास तोल जातो. ही रीत सपाट जागी अंगवळणी पडल्याशिवाय उतारावर जाऊ नये.

वळणातून वेग आवरणे :
दुसरी रीत वळणाची होय. उतारावरून सरळ न येता नागमोडी आल्यास मार्ग लांबतो, उतार सौम्य होतो व चाकांच्या घर्षणात ऊर्जा खर्च होते. वळण चढाच्या दिशेने पूर्ण केल्यास वेग स्वाभाविकपणे ओसरतो. पायाच्या बोटांवर भार दिल्यास फळी एका बाजूस व टाचांवर दिल्यास दुसऱ्या बाजूस वळते. टाचेकडील वळण बहुतेकांस अवघड जाते, कारण पाठीमागे झुकताना पडण्याचे भय असते. प्रथम नजर, मग खांदे, मग कंबर आणि शेवटी पाय असा क्रम ठेवावा. नजर जमिनीवर खिळल्यास शरीर ताठर होते. वळणाचा बाह्य ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वळणाआधीच वेग कमी करावा, वळणाच्या मध्यावर नव्हे.

सोलापूरच्या संदर्भात :
दख्खनच्या पठारावरील सोलापूर शहराचा बराचसा भाग सपाट आहे. पहिल्या पाठासाठी ही उणीव नसून सोय आहे, कारण येथे वेग पायाने दिल्याइतकाच मिळतो. मात्र कठीण चाक खडीच्या बारीक कणावर अडते व स्वार पुढे फेकला जातो; म्हणून जागा झाडून घेणे व मऊ चाके वापरणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जात असल्याने सराव सकाळीच करावा. रहदारीचा रस्ता सर्वथा वर्ज्य मानावा. पडताना हात टेकले जाऊन मनगट मोडण्याचा संभव असल्याने शिरस्त्राण, मनगटरक्षक व गुडघ्यांवरील पट्टे अनिवार्य समजावेत.

निष्कर्ष :
वेग हा स्केटबोर्डिंगचा आनंद असला, तरी त्यावरील ताबा हीच या खेळाची विद्या होय. सपाट जागी ब्रेक, नंतर सौम्य वळण व शेवटी उतार हा क्रम पाळणारा विद्यार्थी सुरक्षित राहतो आणि अधिक काळ खेळतो. महाविद्यालयीन क्रीडा विभागांनी हा क्रम प्रशिक्षणात अंतर्भूत केल्यास या खेळाविषयी पालकांच्या मनातील भीतीही कमी होईल.