देमार चित्रपट आणि हरणारा हॉकीसंघ

श्रोतेहो, खेळावर गप्पा मारणे हाही एक खेळच आहे. त्याला मैदान लागत नाही, पंच लागत नाही, आणि त्यात कोणी दमतही नाही. अमेरिकेत केवळ क्रीडाविषयक संभाषणाला वाहिलेले नभोवाणी केंद्र १९८७ साली न्यूयॉर्क येथे सुरू झाले, आणि पुढे अशी केंद्रे तिकडे गावोगाव निघाली. कॅनडातील टोरोंटो शहराच्या बर्फावरील हॉकीसंघाला १९६७ सालानंतर स्टॅनले चषक जिंकता आलेला नाही. परंतु त्या संघाविषयी बोलणाऱ्यांचा उत्साह काही ओसरलेला नाही. आपल्याकडे हे काम केंद्रावाचून चालते. इंदूरच्या सराफ्यात, ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावर किंवा बेळगावच्या एखाद्या चहाच्या दुकानात चार माणसे जमली की हाच कार्यक्रम सुरू होतो.

या गप्पांची एक गंमत अशी की, हरणाऱ्या संघाविषयी माणसे फार वेळ बोलू शकत नाहीत. थोड्याच वेळात विषय पालटतो आणि आवडत्या देमार चित्रपटावर येतो. कोणत्या नायकाने कोणाला कसे लोळविले, याचे वर्णन रंगात येते. हा पालट सहज होत असेल असे मला वाटत नाही. संघ जे देत नाही ते चित्रपट देतो, म्हणून मन तिकडे धावते. यात वावगे काही नाही. परंतु तेथून परत येताना आपण चित्रपटाचा चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून येतो, आणि त्याच चष्म्यातून हरलेल्या संघाकडे पाहू लागतो. त्याने काय घडते, हे आज पाहावयाचे आहे.

१९७५ हे वर्ष घ्या. त्या वर्षी १५ मार्च रोजी क्वालालंपूर येथे अजितपाल सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला २-१ असे नमवून हॉकीचा विश्वचषक जिंकला. निर्णायक गोल अशोककुमार यांचा, म्हणजे ध्यानचंद यांच्या चिरंजीवांचा होता. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी ‘शोले’ प्रदर्शित झाला. त्याची कथा-पटकथा लिहिणाऱ्या जोडीतील सलीम खान हे मूळचे इंदूरचे. एकाच वर्षात हॉकीने आणि देमार चित्रपटाने लोकांना दोन मोठे आनंद दिले. पुढे मात्र दोघांचे मार्ग वेगळे झाले. चित्रपट वर्षानुवर्षे चालत राहिला. पुरुषांच्या हॉकीसंघाला २०२४ पर्यंत विश्वचषक पुन्हा हाती लागला नव्हता.

आता देमार चित्रपटाची रचना कशी असते ते पाहा. त्यात दुष्ट एकच असतो, आणि तो पहिल्याच तासात ओळखू येतो. नायक एक किंवा दोन. अपमान मोठा असतो आणि त्याचा सूड शेवटच्या पंधरा मिनिटांत घेतला जातो. ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो, परीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे तो शेवट बदलून गब्बरला पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. चित्रपटाचा शेवट असा पुन्हा चित्रित करता येतो. धावफलकावरचे आकडे पुन्हा लिहिता येत नाहीत.

हॉकीच्या अपयशाला एकच गब्बर नाही, हे मान्य करणे आपल्याला जड जाते. १९२८ ते १९५६ या काळात भारताने ऑलिंपिकमध्ये लागोपाठ सहा सुवर्णपदके मिळविली. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे अमेरिकेवर २४ गोल चढविले. त्यांपैकी १० एकट्या रूपसिंग यांचे होते. तथापि त्या स्पर्धेत भारत, जपान आणि अमेरिका हे तीनच संघ होते, हेही सांगितले पाहिजे. १९६० साली रोम येथे पाकिस्तानने अंतिम सामना १-० असा जिंकला आणि ही मालिका खंडित झाली. १९६४ साली टोकियोत सुवर्ण परत आले. पण १९६८ आणि १९७२ साली कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

यानंतर जी गोष्ट घडली तिलाच पुष्कळ लोक सर्व अपयशाचे मूळ मानतात. १९७६ साली माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर गेला. या हिरवळीने खेळ कसा पालटला, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. गवताच्या मैदानावर चेंडू उसळतो, अडखळतो, दिशा बदलतो. तो काठीवर अचूक थांबविणे हीच तेथे अर्धी विद्या. आणि ती विद्या आपल्या खेळाडूंच्या मनगटात होती. कृत्रिम पृष्ठभागावर चेंडू सरळ आणि वेगाने घरंगळतो. त्यामुळे चेंडू थांबविण्याचे कौशल्य पुष्कळांना साध्य झाले, आणि धाव, दम व लांब अचूक फटका यांना अधिक मोल आले. शिवाय असे मैदान खर्चाचे असते आणि त्याला भरपूर पाणी द्यावे लागते. आपल्या मुलांची बोटे मातीवर वळत राहिली, आणि कृत्रिम मैदानाचा स्पर्श त्यांना उशिरा झाला.

परंतु हा एकच गुन्हेगार मानला तर १९६० आणि १९६८ च्या पराभवांचा उलगडा होत नाही, कारण तेव्हा सारे गवतावरच खेळत होते. मग इतर कारणे शोधावी लागतात. १९४७ च्या फाळणीने एका संघाचे दोन संघ झाले. अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे ऑस्ट्रेलियात गेली आणि आपली हॉकी बरोबर घेऊन गेली. अशाच पिअर्स कुटुंबातील पाच भाऊ ऑस्ट्रेलियाकडून खेळले. युरोपीय देशांनी शारीरिक तयारी आणि शिस्तबद्ध डावपेच यांची शाळा उभारली. पुढे नव्वदीच्या दशकात ‘ऑफसाइड’चा नियम गेला, खेळाडू वारंवार बदलण्याची मुभा आली, आणि खेळ आणखी वेगवान झाला. इकडे लोकांचे लक्ष क्रिकेटकडे वळले. ग्वाल्हेरला ज्यांनी आपले आयुष्य घालविले त्या कॅप्टन रूपसिंग यांच्या नावाचे मैदान मूळचे हॉकीचे. परंतु आज ते नाव बहुतेकांच्या तोंडी येते ते सचिन तेंडुलकर यांनी २०१० साली तेथे काढलेल्या द्विशतकामुळे. यांपैकी कोणतेही कारण एकटे पुरेसे नाही. ती सगळी मिळून, हळूहळू, वीस-पंचवीस वर्षे काम करीत होती.

हळूहळू होणाऱ्या गोष्टीवर राग काढता येत नाही. रागाला माणूस हवा असतो. तो १९८२ साली सापडला. १ डिसेंबर रोजी दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांतील अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताचा ७-१ असा पराभव केला. गोलरक्षक होते मीररंजन नेगी. सात गोल त्यांच्या पाठीमागच्या जाळ्यात गेले, म्हणून दोष त्यांचा ठरला. इतकेच नव्हे, तर त्यांच्या देशनिष्ठेवरही संशय घेण्यात आला. गोलरक्षकापर्यंत चेंडू पोचतो तो इतर दहा जणांना चुकवून, ही साधी गोष्ट कोणाला आठवली नाही. आणि त्याच स्पर्धांत पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले होते, हीही गोष्ट कोणाला आठवली नाही. गप्पांना दुष्ट मिळाला होता. त्यापुढे सुवर्णपदकाचे कौतुक कोणाला?

नेगी पुन्हा हॉकीकडे आले. १९९८ साली बँकॉक येथे धनराज पिल्ले यांच्या संघाने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळविले, तेव्हा गोलरक्षकांचे शिक्षक तेच होते. २००२ साली मँचेस्टर येथे महिलांनी राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्ण जिंकले तेव्हाही ते संघाबरोबर होते. २००७ साली ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आला. महिला संघाच्या त्या विजयावरून लेखक जयदीप साहनी यांना त्याची कल्पना सुचली, आणि नट्यांना हॉकी शिकविण्याचे काम नेगींनी केले. शाहरुख खान यांनी रंगविलेला कबीर खान हा पाकिस्तानविरुद्ध हरल्यामुळे गद्दार ठरविला गेलेला खेळाडू असल्याने, प्रेक्षकांनी त्याच्यात नेगींनाच पाहिले.

हा चित्रपट मला आवडतो. त्यात मारामारी थोडी असली तरी रचना देमार चित्रपटाचीच आहे: मोठा अपमान, मोठी शिकस्त आणि शेवटच्या क्षणी विजय. ज्या समाजाने एका गोलरक्षकाला गावगप्पांत दोषी ठरविले, त्याच समाजाने चित्रपटगृहात बसून त्याच्यासाठी डोळे पुसले, हे त्या चित्रपटाचे मोठे श्रेय. पण चित्रपट विजयाजवळ संपतो. मैदानावर दुसरा दिवस उजाडतो. बँकॉकच्या विजयानंतर थोड्याच दिवसांत कर्णधारासह अनेक खेळाडूंना संघातून वगळण्यात आले. आणि ‘चक दे’च्या दुसऱ्याच वर्षी, मार्च २००८ मध्ये, चिलीतील सांतियागो येथे ब्रिटनकडून ०-२ असे हरून भारतीय पुरुष संघ बीजिंग ऑलिंपिकला मुकला. १९२८ पासून असे प्रथमच घडले होते. २०१२ साली लंडनला संघ गेला, तो सर्व सामने हरून बाराव्या, म्हणजे अखेरच्या क्रमांकावर राहिला.

येथे मला दुसऱ्या एका गोलरक्षकाची आठवण होते. इंदूरजवळच्या महू गावी जन्मलेले शंकर लक्ष्मण लष्करात बँडवादक म्हणून भरती झाले आणि मराठा लाइट इन्फंट्रीचे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. ज्या पलटणीचे केंद्र बेळगावला आहे, तीच ही पलटण. १९५६, १९६० आणि १९६४ या तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत, तिन्ही वेळा पाकिस्तानपुढे, ते गोलात उभे होते. या तीन सामन्यांत मिळून त्यांच्यावर एकच गोल झाला. १९६६ साली बँकॉकचे आशियाई सुवर्ण त्यांच्याच नेतृत्वाखाली आले. २००६ साली महू येथे, आजारपण आणि ओढगस्त सोशीत, ते वारले. त्यांच्यावर देशद्रोहाचा आरोप कोणी केला नाही. त्यांचा फक्त विसर पडला. हरलेल्या गोलरक्षकाला आपण फार लक्षात ठेवले, आणि जिंकलेल्याला मुळीच नाही.

मग हॉकी सावरली कशी? त्याचेही उत्तर चित्रपटाला न मानवणारे आहे. कृत्रिम मैदाने वाढली. परदेशी मार्गदर्शकांनी शारीरिक तयारीचा पाया घातला. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांना आर्थिक आधार दिला. एकाच खेळाडूसमूहाला वर्षानुवर्षे एकत्र ठेवून घडविण्यात आले. २०२१ साली टोकियो येथे जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिकपदक आले, आणि २०२४ साली पॅरिस येथे स्पेनला २-१ असे हरवून दुसरे कांस्य आले. टोकियोच्या सामन्यात अखेरच्या क्षणी जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला होता, आणि तो श्रीजेश यांनी अडविला. पुन्हा गोलरक्षकच! विजयानंतर ते गोलाच्या चौकटीवर चढून बसले, ते दृश्य कोणत्याही चित्रपटात शोभले असते. परंतु तो क्षण येण्यासाठी बारावा क्रमांक पचवून नऊ वर्षे काम करावे लागले, आणि ते काम कोणी चित्रित केले नाही.

म्हणून, श्रोतेहो, आवडत्या चित्रपटाच्या गप्पा जरूर माराव्यात. गब्बरला वाटेल तेवढ्या शिव्या द्याव्यात. तो त्यासाठीच निर्माण केलेला आहे. मात्र संघ हरला म्हणजे त्यात गब्बर शोधू नये. जाळ्यापुढे उभा असलेला माणूस आपलाच असतो, आणि रात्री त्यालाही घरी जायचे असते.